‘प्लेक’ म्हणजे मी निघाले

व्हिक, बुधवार, १२ नोव्हेंबर

प्रिय लिओन्टिनाताई,

धाकटीचा नमस्कार. तुझ्या ऑगस्टच्या पत्राला नोव्हेंबरात उत्तर लिहितेय, त्याची माफी आधीच मागते. कारणं शोधत बसले तर डिसेंबर उजाडेल. तुझे गुडघे कसे आहेत? आई गेल्यापासून घरात तू एकटीच, लाकडं कोण फोडून देतं? मी ठीक आहे. इथे आठवडाभर धुकं आहे, समोरचं घर दिसत नाही (दिसायचं तेव्हाही तिथून कोणी हात केला नव्हता, तेव्हा तक्रारीला जागा नाही).

सांगायचं ते असं, की गेल्या शुक्रवारी मी नोकरी सोडली आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या या कारखान्यात मी नऊ वर्षं घड्या घालतेय हे तुला ठाऊक आहे. मुकादमीण रेमेईला सांगायचं वाक्य मी इथल्या कातालान भाषेत तीन आठवडे पाठ करत होते: मी रुमानियाला परत चालले आहे, कायमची. कामाची पाळी संपताना तिच्यासमोर उभी राहिले आणि तोंडातून बाहेर आला तो आपला घरचा एकच शब्द, ‘प्लेक’. निघाले. आता इथल्या भाषेत ‘प्लेक’ म्हणजे घडी. रेमेईने माझ्या हातातली चादर घेतली, उजेडात धरली आणि म्हणाली, “कुठे बिघडलीय? चांगली तर आहे घडी.” मी स्वतःकडे बोट दाखवून पुन्हा म्हटलं, प्लेक, प्लेक. तिने घड्याळ पाहिलं. (दिवसाचं काम आवरण्यालाही इथे जवळजवळ हाच शब्द आहे.) “अगं बाई, वाजले की दोन. आवर ना, तुला कोणी धरून ठेवलंय? सोमवारी सहाला ये.”

बारा वर्षं शाळेत लॅटिन शिकवलेल्या बाईवर ही पाळी यावी. मुलांना मीच सांगायचे की लॅटिनमध्ये हा एकच शब्द होता, घडी घालणे. इटालियन माणूस अजून घडीच घालतो. स्पॅनिश माणसाने म्हणे बंदराला लागून शिडं गुंडाळली, म्हणून त्याचा अर्थ झाला पोचणे. आपल्या लोकांनी तंबू गुंडाळले आणि अर्थ झाला निघणे. एकाच शब्दावर एक पोचतो आणि दुसरी निघते. वर्गात यावर मुलं हसायची. शाळा बंद झाली नसती तर मीही अजून हसले असते.

त्या शुक्रवारी निरोपाचा म्हणून मी अक्रोडाचा केक नेला होता, आईच्या पद्धतीचा. निघणाऱ्याने तोंड गोड करावं, एवढंच मनात. गाडीवाला किम म्हणाला, “आज कोणत्या संताचा दिवस गं, स्मारांदा? दर शुक्रवारी असू दे, आमची ना नाही.” मग केक म्हणजे वाढदिवसच असं धरून सगळ्यांनी मला शुभेच्छा दिल्या. इथे त्या अशा देतात: अशीच पुष्कळ वर्षं. मी ‘आभारी आहे’ म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

शनिवारी बॅग भरली. रविवारी रिकामी केली. ज्यांना कळलंच नाही त्यांना सोडून जाणं म्हणजे फसवणूक, असं मी वहीत लिहिलं आणि खाली लिहिलं, की हे खोटं आहे. सोमवारी सहाला कामावर हजर. माझ्या जाण्याची बातमी कोणाला नव्हती, त्यामुळे परत येण्याचं अप्रूपही नव्हतं. फक्त माझ्या टेबलावर केकचा डबा घासून, पुसून, नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवलेला होता. रेमेई म्हणाली, “विसरलीस बघ. आणि अक्रोड जरा कमी घालत जा, माझा दात हलतोय.”

ताई, तो शब्द तोंडून निसटला की मी निसटू दिला, हे मला अजून ठरवता येत नाही. नीट वाक्य बोलले असते तर ती म्हणाली असती, जाऊ नकोस. किंवा म्हणाली असती, बरं. दुसऱ्या उत्तराची मला भीती होती, आणि पहिल्याचीही.

तुझी,
स्मारांदा

ता. क. माझ्या खोलीत तू लोणच्याच्या बरण्या ठेवल्यास असं लिहिलंस, चांगलं केलंस. खोली गार आहे, बरण्या टिकतील.

ता. क. २. खरं म्हणजे एवढ्याचसाठी लिहायला बसले होते. ऑगस्टच्या पत्रात तू लिहिलं आहेस, “यायचं तेव्हा ये.” आपल्याच भाषेत, तुझ्याच अक्षरात. हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं की कागद घडीवर फाटला, पण तू बोलावते आहेस की सोडून दिलं आहेस, ते मला कळत नाही. बरण्या हलवता येतात की नाही तेही कळत नाही. मला ‘ये’ म्हण किंवा ‘नको’ म्हण. रागावणार नाही. रेमेईला पूर्ण वाक्यात सांगायचं ते तुझं उत्तर आल्यावर.

(वहीत) उद्या: हे पत्र, आधी लिहिलेल्या तिन्ही पत्रांसारखं इथेच न ठेवता, टपालपेटीत टाकणे.