बेंबी बसवणाऱ्या आईंचं पोट

पांढुर्णा

प्रिय उषाताई,

जयभीम. फोन सोडून पत्र काहून लिहून राहिली, असं म्हणाल. फोनवर तुम्हीच बोलता, मला नुसतं हूं-हूं करावं लागते, आणि यावेळी मला माझं बोलणं पूर्ण करायचं आहे. गोष्ट आईंची आहे. त्यांच्या बेंबीपाशी गाठ येते, खोकलं की बाहेर, निजलं की आत, ती आता चांगलीच मोठी झाली. नागपूरच्या डॉक्टरांनी पाहिली. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, त्याआधी ऑपरेशन करा म्हणाले. माझ्या पोटाचं ऑपरेशन ज्यांनी केलं, तेच डॉक्टर. गाठ आत घालतील, सैल पडलेले स्नायू शिवतील आणि लोंबणारी कातडीही त्याच वेळी काढतील. आई मात्र हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. तुम्ही त्यांची लेक, तुम्हाला सगळं माहीत असावं.

आधी माझं सांगते, कारण तुम्ही मला पाहायला आल्या नाहीत. जुळ्या पोरांनंतर माझ्या पोटाचे स्नायू मधून फाकले होते. आडवी पडून मान उचलली की मधे बोटं आत जायची. खालची कातडी लोंबायची, उन्हाळ्यात तिच्याखाली घाम साचून चिघळायचं, कंबर तर रोजच धरायची. तुमच्या सौसरच्या बसमध्ये एका म्हाताऱ्यानं उठून मला जागा दिली आणि कितवा महिना म्हणून विचारलं. पोरं तेव्हा तिसरीत होती. मी सातवा सांगितला आणि सौसरपर्यंत आरामात बसून आली.

मला वाटलं होतं, कापलं, शिवलं, झालं सपाट. तसं नसते. शुद्धीवर आली तर पोटातून दोन नळ्या निघालेल्या, टोकाला रबरी फुगे, त्यात लालसर पाणी. ताठ उभं राहिलं की टाके ओढायचे, म्हणून कंबरेत वाकून चालायचं. पण चालायला दुसऱ्याच दिवशी लावलं, पायात रक्त गोठू नये म्हणून. घरी आल्यावर पाठीशी उशांचा ढीग, गुडघे वर, पोटाला घट्ट पट्टा. पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. शिंक आली की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तुमचा भाऊ गौतम मुद्दाम तोंड वाकडं करून मला हसवायचा, शेवटी त्याला खोलीबाहेर काढलं.

आता आईंचं ऐका. त्याच आठवड्यात माझ्या पोटात गॅस धरला. आईंचं तुम्हाला माहीतच आहे. मोहल्ल्यात कोणाचं पोट दुखलं, जुलाब लागले, की बेंबी सरकली. मग आईंनी अंगठ्यानं तिचा ठोका शोधायचा, तेल लावून, चोळून तिला जागेवर आणायची. मी डोळे मिटून पडली होती. उघडले तर आईंनी पट्टा सोडलेला, हातात तेलाची वाटी, आणि वाकून पाहून राहिल्या होत्या. म्हणतात कशा, डॉक्टरनं तुही बेंबी सरकवली वं पोरी, थांब, मी बसवून देतो. मी अशी किंचाळली की शेजारची वच्छला भाकर तव्यावर टाकून धावत आली.

गौतमनं डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला. ते म्हणाले, बेंबी हलवलीच नाही, ती होती तिथंच आहे. वरची कातडी खाली ओढली, जास्तीची कापली आणि बेंबीसाठी तिच्यात नवीन भोक पाडलं. आईंनी वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, म्हणजे बटन तेच, काज नवं. डॉक्टर खूप हसले.

तेव्हापासून त्यांचे प्रश्न संपेनात. कापलेली कातडी कुठं टाकतात? सकाळी पोट उतरलेलं असते, मग संध्याकाळी सूज काहून चढते? बेंबीखाली हात लावलेला कळते का? नाही कळत, ताई. अजून तिथं बधिर आहे, दुसऱ्याच्या अंगाला हात लावल्यासारखं वाटते. हळूहळू जाणीव येईल, थोडी जागा तशीच राहीलही, असं सांगितलं आहे. कंबरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा व्रण परकराच्या नाडीखाली झाकतो, त्यावरूनही त्या बोट फिरवून पाहायच्या. मला बरं वाटायचं. इतक्या वर्षांत आईंनी मला इतकं काही विचारलंच नव्हतं.

मग एका दुपारी त्यांनी दार लावलं आणि पदर बाजूला केला. पोट वरपासून खालपर्यंत मधून फाकलेलं, माझा पंजा आडवा बसेल एवढं. बेंबी तर गाठीतच गेलेली. साऱ्या मोहल्ल्याची बेंबी बसवणाऱ्या बाईला स्वतःची सापडत नव्हती. गाठीवर जुना रुपया ठेवून, लुगड्याच्या पट्टीनं बांधून त्या कापूस वेचायला जात होत्या, आणि घरात कोणाला पत्ता नाही. मला रडू आवरेना. त्यांनी एवढंच विचारलं, माह्या वयाच्या बाईचं करतेत का? म्हणून मी त्यांना नागपूरला नेलं.

तपासण्या झाल्या, साखर ठीक आहे, तरी आई तारीख ठरवू देईनात. मला वाटलं, चाकूला भितात. काल फार मागे लागली तेव्हा बोलल्या. तिगावच्या लग्नात तुम्ही सगळ्यांसमोर मला म्हटलं होतं, दोन लेकरांच्या मायला आता पोट कोणाला दाखवायचं आहे? बाया हसल्या, मीही हसली. आई म्हणतात, सुनेले दोन लेकरांवर असं म्हटलं, मले पाचांवर काय म्हणन? टाके सुकतात वं, उषाचं बोलणं नाही सुकत. ताई, मलाही ते लागलं होतं, खोटं काहून बोलू. पण माझी माफी मागू नका, मला ती नको. आईंना फोन करा आणि म्हणा, आई, करून घे, दवाखान्यात मी राहते तुझ्याजवळ. न्यायला पोरगा तयार आहे, करायला सून तयार आहे, आणि त्या तुमच्या 'हो'साठी अडून बसल्या आहेत. पाच बाळंतपणांतलं पहिलं तुमचं होतं. ते पोट आधी तुमच्यापायी ताणलं.

तुमचीच,
प्रणाली