ज्योत निळी की पिवळी

तीर्थरूप दादास,

नमस्कार. तुझे गुडघे बरे असतील असं धरतो. खरं काय ते वहिनीच सांगतील. इकडे सगळं ठीक. मिशी मात्र राहिली नाही.

झालं असं, की आपल्या छोट्या वाफेच्या इंजिनाला लागणारा बारीक कोळसा मिळेनासा झाला, म्हणून मी त्याला गॅसचा बर्नर बसवला. (तू नको म्हणाला होतास. ते पत्र सापडत नाही.) बारीक भोकातून गॅस येतो, वाटेत हवा ओढून घेतो आणि निळा जळतो, एवढंच ते काम. चाळीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला एक भोक पाडायला कितीसा वेळ? पाडलं. पेटवल्यावर बर्नरने असा सूर लावला, की आमच्या हिने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण गेलं?"

रविवारी इंजिन तसंच आमच्या हौशी इंजिनवाल्यांच्या क्लबच्या छोट्या रुळांवर नेलं. आमचे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर, त्यामुळे भट्टीच्या दारात आधी तेच डोकावले. म्हणाले, ज्योत पिवळी आहे, गॅस जास्त होतोय. मी म्हटलं, निळी आहे. बराच वेळ निळी-पिवळी झालं. शेवटी मी स्वतः वाकलो, तेव्हा ज्योतच बाहेर आली आणि अर्धी मिशी घेऊन गेली. (उरलेली मी काढली. अर्धीला अर्थ नव्हता.) मग त्यांनी जेट, म्हणजे गॅसची ती भोकाची तोटी, उघडून भोक मोजलं, ते दुप्पट निघालं. माझ्याच पेटीतली दोन ड्रिल समोर धरून विचारलं, "यातलं बारीक कुठलं?" मी एकावर बोट ठेवलं. ते काही बोलले नाहीत, सिलिंडर बंद केला. दातांचे डॉक्टर गप्प झाले की काहीतरी उपटणार, हे मला कळायला हवं होतं. संध्याकाळी फोन आला: यापुढे मी एकट्याने इंजिन पेटवायचं नाही.

घरात सर्वांना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. तुझ्याकडे बारीक भोकाचा जेट असेल तर पाठव.

ता. क. पाठवू नकोस, घेऊन ये. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, दोन्ही डोळ्यांतलं मधलं दिसणं चाललंय आणि ते परत येणार नाही. हिला सांगितलेलं नाही. तू नुसता शेजारी बस आणि ज्योतीचा रंग सांग. बाकी हातांना येतं.

ता. क. मोठ्या भावजींना नमस्कार. पत्र यांनी मला पोस्टात टाकायला दिलं होतं. ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, म्हणून सगळं पुन्हा लिहून काढलं. हे अक्षर माझं आहे. डोळ्यांचं मला उन्हाळ्यापासून ठाऊक आहे. मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही, तेवढं सांभाळून घ्या. आणि लवकर या.