पहिलं ‘नको’

सोमवार
आलो एकदाचा! खोली झकास आहे. खिडकीबाहेर मोठं झाड, त्यावर पाखरांची शाळा भरलेली. सगळी एका चालीत म्हणतात, मागच्या बाकावरचं एकच बेसूर. तो मीच असणार! छातीत साठलेलं पाणी काढतील, ताकद भरली की घरी, असं लेकानं गाडीत सांगितलं. शेजारच्या खाटेवर निवृत्त स्टेशनमास्तर आहेत. मी शाळेतली कविता चालीवर म्हणायला लागलो, तर म्हणाले, बुवा, गाडी रुळावरून घसरतेय तुमची. छान जमणार आमचं.

मंगळवार
डॉक्टर तरुण, गोड बोलणारे. मास्तरांच्या खाटेवर बसले, हात हातात घेतला आणि विचारलं, आजोबा, अजून काही हवंय का? मास्तर ऐटीत म्हणाले, छे, भरून पावलो. डॉक्टरांचे डोळे पाणावले. इतक्या मायेनं विचारणारा डॉक्टर मी जन्मात पाहिला नव्हता.

बुधवार
मास्तरांचं सलाईन काढलं. त्यांना ताटही आलं नाही. ते मागत होते, चांगले खणखणीत आवाजात. सिस्टर म्हणाली, शेवटी असं बरळतात. सुई दिली. मास्तर गप्प झाले.

गुरुवार
मास्तर पहाटे गेले.
दुपारी डॉक्टर माझ्या खाटेवर बसले. लेक उशाशी उभा. आजोबा, अजून काही हवंय का? मी म्हणालो, नको नको, सगळं आहे.
मी पहिल्यांदा नकोच म्हणतो. चहा असो, नवा सदरा असो. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आबांना दोनदा विचारायचं. हिनं जन्मभर तसंच विचारलं. लेक तर हिची नक्कल करून विचारायचा. मी त्याच्याकडे पाहिलं. आता हसेल, म्हणेल, डॉक्टर, पुन्हा विचारा.
तो खाली बघत डॉक्टरांना म्हणाला, ऐकलंत ना?

शुक्रवार
सलाईन नाही. ताट नाही. ओरडून सांगितलं, मला हवंय! औषध हवंय, जेवण हवंय, घर हवंय! सिस्टरनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि लेकाला म्हणाली, मन घट्ट करा. सगळे माझ्याबद्दल बोलतात, माझ्याशी कुणीच नाही. डॉक्टर म्हणाले, फार समाधानी होते तुमचे वडील.
होते!

शनिवार
सुई दिली. जीभ जड. शुद्धीवर आहे हे कळावं म्हणून कविता म्हणायला घेतली. पहिली ओळ आली. दुसरी— दुसरी ओळ— वर्गात सगळ्यात आधी माझी पाठ व्हायची—
डॉक्टर लेकाला म्हणाले, बघा, किती शांत आहेत.
पान फाडून लेकाला लिहून दिलं, मला जगायचंय. त्यानं वाचलं. दोनदा वाचलं. म्हणाला, आबा, तुम्हीच नको म्हणालात ना. मग अगदी हळू म्हणाला, मी थकलो हो आबा.

रविवार
सिस्टर पुन्हा सुई घेऊन— डॉक्टर दारात— लेकानं माझा हात धरलाय. लिहू देतोय बहुतेक. नाही— पेनावरची बोटं सोडवतोय, एकेक, किती जपून— म्हणतोय, आता दुखणार नाही आबा— अरे, पण मला दुखत नाहीये, काहीच दुखत नाहीये, मी