घर क्रमांक ११२ : कमी

३ मे
वरचा तांडा ऊसतोडीवरून काल परतला. दोन ट्रॅक्टर, दु. सव्वाचार. आज सकाळपासून माझ्या गिरणीवर रांग.

मला दारोदार जाऊन विचारावं लागत नाही. जन्म-मृत्यू दळणातून कळतात. गव्हाचं रवाळ पीठ मागितलं की घरात बाळंतीण. घरचं दळण दहा दिवस आलं नाही की सुतक. देशभरातून चिठ्ठ्या टाकून काढलेल्या गावांत आमचं गाव आहे. इथं कोण जन्मलं, कोण मेलं ते मी लिहितो, सहा महिन्यांनी साहेब येऊन तपासतो आणि दिल्लीवाले आकडे छापतात. अकरा वर्षांत माझी एक नोंद चुकलेली नाही.

जमनाबाई राठोड ज्वारी घेऊन आली. तांड्याची सुईण. सोबत सून अनिता, दिवस भरत आलेले. पाटी खाली ठेवून म्हणते, "मोजणीमामा, या टायमाला हिला दोन मोजा."
मी म्हणालो, "जन्मल्याशिवाय मोजत नाही."
"मंग अर्धं तरी लिवा की!" रांगेतल्या बाया हसल्या.

दुपारी यादी काढली. घर क्र. ११२, राठोड. गेले २७ ऑक्टो., आले २ मे. सहा महिने पाच दिवस. नियमांची पुस्तिका, पान ४१, खालून तिसरी ओळ : सहा महिन्यांवर बाहेर राहिलेलं घर यादीतून कमी. पुस्तिका हिंदी, त्यातले शब्द आणखीच अवघड. शब्दकोश घेऊन एकट्यानं लावली आहे. पाच दिवस म्हणजे पाच दिवस. तांबडी रेघ मारली. बाकीची तांड्यावरची घरं २ नोव्हें. नंतर गेलेली, ती राहिली.

१० जून
अनिता काल गेली. पोरगं आतच. सकाळी नऊला कळा, अकरापासून रक्त थांबेना. उपकेंद्राच्या नर्सबाई काल दुसऱ्या गावी, एक बाई दोन गावांना. जीपनं नेताना साखरा गावाच्या पुढं संपली. वय २२.

यादीत ११२ नाही. लिहायचं काही नाही.

२३ जून
सुतक फिटलं. जमनाबाई गिरणीवर, दळणाशिवाय. रिकाम्या हातानं आलेली पहिल्यांदा पाहिली.

"भाऊ, लिवून घ्या. किती वाजता काय झालं, समदं मह्या ध्यानात हाय. तुमी इचारता ना मेलेल्याच्या घरी? दहा पानं इचारता म्हणं."
खरं आहे. मृत्यू का झाला त्याचा दहा पानी तक्ता असतो. मागं एका म्हाताऱ्याच्या घरी तीन तास बसून भरला होता, साहेबांनी नमुना म्हणून जिल्ह्यात फिरवला.
"तुमचं घर यादीत नाही," म्हणालो.
"काहून?"
"तुम्ही पाच दिवस उशिरा आलात."
"मुकादमानं सोडलं न्हाई पाच दिवस. फड उरला व्हता."

मुकादमाचं नाव लिहायला तक्त्यात जागा नाही. तसं तिला सांगितलं. गिरणी चालू केली. पट्टा सैल झालाय, आवाज करतो.

४ जुलै
डोंगरे साहेब सहामाही तपासणीला. एम.एस्सी. आहेत, अक्षर मात्र कोंबडीच्या पायाचं. तांड्यावर फिरून आले आणि म्हणाले, "मामा, एक बाळंतीण मेलीय. तुमच्याकडं नाही."
"घर कमी केलंय."
"अहो, माणसं परत आलीत. बाई इथं होती, इथून नेताना मेली. घाला की."
"पान ४१."
"आता दहावी नापास माणूस मला पान सांगणार?"
पुस्तिका समोर ठेवली. खालून तिसरी ओळ, बोट ठेवून. साहेबांनी वाचली, परत वाचली. सही केली. सही करताना पेन दोनदा अडलं.

मातामृत्यू : ००. दोन शून्यं, ठसठशीत.

घरी हिला सांगितलं, आज एम.एस्सी. हरली. ही म्हणाली, "कुणापुढं? मेलेल्या बाईपुढं का?" हिला नियम कळत नाहीत.

१५ ऑगस्ट
झेंडा झाल्यावर ग्रामसभा, शाळेच्या वऱ्हांड्यात. विषय : नर्सबाई. दोन गावं, एक बाई. कायमची कुठं बसवायची? तालुक्याचे आरोग्य अधिकारी स्वतः आलेले. म्हणाले, जिथं बाळंतपणात बाया मरतात तिथं बसवू, कागद दाखवा. शेजारच्या गावानं दोन दाखवले. आमच्या ग्रामसेवकाकडं काही नाही, अनिता शिवेबाहेर संपली म्हणून.

मग अधिकारी माझ्याकडं वळले. "तुम्ही दिल्लीचं काम बघता ना? तुमच्या यादीत किती?"
सगळं गाव बघून राहिलेलं.
"शून्य," म्हणालो. दुसरं काय म्हणणार? सही झालेला आकडा आहे.

बायांच्या बाजूनं जमनाबाई उठली. "शून्य काहून, भाऊ? मही सून काय शेळी व्हती का?"
मी म्हणालो, "शेळ्यांची गणती वेगळं खातं करतं."

लोक हसले. मी खोटं बोललो नव्हतो, ते खातं वेगळंच आहे. पण लोकांनी हसायला नको होतं. जमनाबाई हसणाऱ्या एकेकाकडं बघत गेली. सावकाश, मोजल्यासारखं. मग खाली बसली.

२९ ऑगस्ट
नर्सबाई शेजारच्या गावी गेल्या. उपकेंद्राला कुलूप. किल्ली ग्रामपंचायतीच्या शिपायाकडं, शिपाई लग्नाला.

राठोडांचं दळण पंधरवड्यापासून नाही. सुतक तर नाही. हीच म्हणाली : जमनाबाई डोक्यावर पाटी घेऊन साखऱ्याला जाते दळायला, सहा किलोमीटर. जाताना माझ्या दारावरूनच जाते.

साखऱ्याची चक्की जाडं दळते.

१८ सप्टेंबर
दिल्लीचं पत्र. साहेबांनी मोबाइलवर पाठवलं, मग फोन करून वाचूनही दाखवलं. आवाजात मजा होती.

सार : निधी कमी झाला. प्राधान्यक्रम नव्यानं ठरवले. मरणाचं कारण विचारायचा दहा पानी तक्ता लहान गावांत बंद. ज्या गावांत घटना कमी घडतात ती १ ऑक्टो. पासून यादीतून वगळली. उरलेल्या पैशांतून शहरांत बीपी-शुगर मोजणार, टॅबवर. सोबत वगळलेल्या गावांची यादी, अनुक्रमांक ३७ आम्ही.

"अभिनंदन, मामा! तुमच्या गावात कुणी मरतच नाही, असं दिल्लीचं मत पडलं."
"शहरात काय जास्त मरतात?"
"शहरातली माणसं हळूहळू मरतात. मोजायला वेळ मिळतो."

अकरा वर्षं. आभाराची एक ओळही नाही. पत्रात गावाच्या नावात दोन चुका.

पुस्तिका परत मागितली नाही. ठेवून घेतली.

९ ऑक्टोबर
वैशू आली. वसमतहून जावईबापू सोडून गेले, दु. १ च्या एसटीनं. पहिलं बाळंतपण माहेरी. तारीख १८ नोव्हें. त्याआधी, ५ तारखेला तिला हिंगोलीला मामाकडं न्यायचं ठरलंय, दवाखाना जवळ. तोवर इथं.

सवयीनं यादीची माझी प्रत काढून लिहिलं : वैशाली, वय २३, पाहुणी. ही मागून वाचत होती.
"लेक हाय का पाहुणी?"
"सासर वसमत. नियमानं पाहुणी."
"मंग तिला कोण मोजणार? वसमतवाले?"
तिचं सासर चिठ्ठीत निघालेलं नाही. तिथं कुणीच मोजत नाही, इथं आता मोजणी बंद. हे बोललो नाही. तरी आज मला चहा मिळाला नाही.

१७ ऑक्टोबर
वैशूचे पाय सुजलेत. ही सारखं उपकेंद्राच्या कुलपाकडं बोट दाखवून राहिली. शेवटी सेनगावला त्या आरोग्य अधिकाऱ्यांकडं गेलो, पावणेदोन तास बाहेर बाकावर. म्हणाले, "एक जरी मृत्यू कागदावर दाखवा, आठवड्यातून दोन दिवस बाई देतो. सभेत शून्य तुम्हीच म्हणालात."

घरी येऊन पुस्तिका उघडली. पान ४३. वरून पहिली ओळ : बाहेर गेलेलं कुटुंब कायम राहण्यासाठी परतल्यास, परतल्या दिवसापासून यादीत घ्यावं, मुदतीची अट नाही.

ओळीखाली पेन्सिलीची रेघ आहे. रेघ माझीच. तीन वर्षांपूर्वीची असेल.

साहेबांना फोन. "११२ परत घ्यायचंय. दुरुस्तीचा तक्ता पाठवा."
"पान ४१ चं काय झालं?"
"पान ४३ आहे."
"मला जुलैतच माहीत होतं, मामा. म्हटलं एवढा हुशार माणूस, पान तर उलटेल." मग म्हणाले, "दुरुस्ती चालू गावांना असते. तुमचं गाव कमी झालं. आता कुठं लिहिणार, भिंतीवर?"

मी सभेत चुकलो असं कुणाला सांगितलेलं नाही. इथं लिहितो, तेवढंच.

३० ऑक्टोबर
स. ९.०५. वैशूला कळा. १९ दिवस आधी. ९.२० ला पाणी गेलं.
रुग्णवाहिकेला फोन. गाडी हिंगोलीत पेशंट सोडून राहिली, दीड तास तरी. गावातली जीप बाजाराला.
कुलूप तसंच. नर्सबाईंचा फोन लागेना.
१०.१५. ही ओरडली, "जमनाबाईला आणा. पायावर डोकं ठेवा, न्हाईतर उचलून आणा."

१०.४०. तांड्यावर आहे. जमनाबाईच्या ओट्यावर बसून हे लिहितोय, यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. वहीत नंतर उतरवीन. हाताला काहीतरी काम पाहिजे.

ओट्यावर बोचकी बांधलेली. परवा ट्रॅक्टर येणार, फडावर निघालेत. कोयते पोत्यात गुंडाळलेले. ती ज्वारी पाखडत होती. मला बघूनही सूप थांबलं नाही.

म्हणालो, "जमनाबाई, माझी लेक अडली. चला."
सूप चालूच.
"रक्त हाय का?"
"हिनं सांगितलं, थोडं."
"किती वाजल्यापून?"
"कळा ९.०५ पासून, पाणी ९.२० ला."
तिनं मान हलवली. मग सूप मांडीवर ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.
"भाऊ, तुमच्या लेकीला इथं येऊन सहा महिने झाले का?"

मी म्हणालो, "एकवीस दिवस."

तोंडातून गेलं. हिशोब बरोबर होता.

ती उठली, घरात गेली, दार लोटलं. आत भांड्यांचा आवाज. पाणी तापवायला ठेवतेय, का बोचकं बांधतेय, बाहेरून कळत नाही. शेजारच्या दोन बाया दारात उभ्या राहून मला बघताहेत, त्यांनाही विचारवत नाही.

१०.४६.
१०.४९. मोबाइल वाजला. हिचा फोन. आतला भांड्यांचा आवाज थांबला.