मागच्या खोलीतली ओल

मी, खाली सही करणारा, घरातला धाकटा, धंदा रंगारी, वय सत्तावीस, शाळा सातवीपर्यंत, हे मृत्युपत्र कुणाच्या सांगण्यावरून नाही, आपल्या मनाने लिहितो. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. छातीचा दाखला वेगळ्या कागदावर आहे, त्यात चांगलं काही नाही. पाच वर्षं जहाजांच्या पोटात शिरून रंग फवारला, त्याचं हे.

१. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरातला माझा निम्मा हिस्सा मी आईला देतो. घर विकून तिला मावशीशेजारची तळमजल्याची खोली घ्यायची आहे. गुडघ्यांमुळे जिना तिला होत नाही. माझ्या हयातीत हे काही होत नाही.

२. घर का खपत नाही ते इथे लिहितो, कारण विक्रीचं दादा बघतो म्हणून बोल त्याला लागतो आणि चूक माझी आहे. मागच्या खोलीच्या भिंतीत ओल आहे. बाबा गवंडी होते. ते सांगायचे, आधी गिलावा खरवडायचा, मग भिंत वाळू द्यायची, दोन-तीन महिने हात लावायचा नाही. मला दोन-तीन तास एका जागी बसवत नाही. सुट्टीवर घरी गेलो तेव्हा दलाल म्हणाला, शुक्रवारी गिऱ्हाईक येतंय, जरा चकाचक करा. मी एका दिवसात ऑइलपेंटचे दोन हात मारले. भिंत आरशासारखी दिसायला लागली. मी ऐटीत कामावर परतलो.

शुक्रवारचं गिऱ्हाईक आलं दीड महिन्याने. तोवर आत कोंडलेल्या ओलीने रंगाला फोड आणले होते. त्या बाईंनी सहज तळवा टेकवला तर रंगाचा पट्टाच हातात आला. त्या आईला म्हणाल्या, "आजी, तुम्हाला तरी माहीत होतं ना?"

आई म्हणाली, "मुलाने रंगवलंय हो. हौसेने."

३. त्यानंतर दलालाने आईला नवीन काम लावलं. गिऱ्हाईक आलं की तिने त्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, ते जाईपर्यंत. हे मला दादाने फोनवर सांगितलं. दलालाला माझ्याकडून जिन्याखालचा उरलेला अर्धा डबा ऑइलपेंट द्यावा. झाकण फार घट्ट बसलंय. त्याने ते पांढरा शर्ट घालून उघडावं.

४. माझे ब्रश आणि लांबी भरायच्या पट्ट्या शेजारच्या खाटेवरच्या वेल्डरला. मास्क कुणालाही देऊ नये, तो जाळावा.

५. सायकल दादाला. ती त्याने न विचारता कधीच नेली आहे, आता विचारायची गरज उरली नाही. "तू हात लावलास की झालंच," असं तू म्हणालास दादा, तेव्हा मी फोन आपटला. तुझं बरोबर होतं.

६. यापुढे जो येईल त्याला आधी मागच्या खोलीत न्यावं आणि ओल दाखवावी. मग घर कुणी घेईल असं मला वाटत नाही. तरीही आईने भिंतीसमोर उभं राहू नये. तिला खुर्ची द्यावी, खिडकीजवळ.

साक्षीदार: १. खानावळीतला आचारी (सही) २. क्रेनवाला (अंगठा)

वेल्डरची सही घेतली नाही, त्याला ब्रश मिळणार आहेत.

ठिकाण: कामगारांची खोली, खाट चौथी
दिनांक: बारा, मंगळवार

(सही) धाकटा