ग्रिलखालची टेप

४ मार्च

ग्रिल आलं. ओट्यात बसवायचं, विजेवरचं. दगड कापून खाच तयारच आहे.

वायरमन बोलावते म्हटलं तर बाबा खोक्यावरच बसले. ‘वायरमन कशाला? चाळीस वर्षं लोकांच्या घरी उजेड पाडला, आता लेकीच्या घरी पाडतो.’

नाही म्हणवलं नाही. आई गेल्यापासून त्यांनी स्वतःहून काही मागितलेलं नाही.

हल्ली चहा अर्धा कपच घेतात. भरलेला हिंदकळतो. आम्ही त्यावर बोलत नाही.

६ मार्च

बसवलं! अख्खा दिवस गेला. बोर्डापासून वेगळी जाड लाइन, तिला वेगळा एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा खटका. ओट्याखालच्या कप्प्यात ग्रिलची वायर आणि भिंतीतली वायर एका कनेक्टरमध्ये जोडली. वरून काळी टेप. बाबा डावखुरे, त्यांची टेप उलटी फिरते. त्यांच्या हाताखालचे म्हणायचे, साहेबांचं काम अंधारातही बोटांना कळतं.

टॉर्च मी धरला होता. स्क्रूड्रायव्हर तीनदा निसटला. तिन्ही वेळा मी भिंतीकडे पाहिलं.

मग रिकामंच तापवलं, खिडक्या उघडून. आतलं कारखान्याचं तेल आधी जळून जावं लागतं. धूर झाला, माझी छोटी खोकत खोकत नाचली. बाबांचा चेहरा किती दिवसांनी असा! ‘झाकण लावून चालू करायचं नाही. खालच्या ट्रेमध्ये पाणी. वर साधं फडकंसुद्धा ठेवायचं नाही. पुसायचं ते गार झाल्यावर. लक्षात राहील ना, बाईसाहेब?’

७ मार्च

कणसं भाजली. एक बाजू करपली. बाबा म्हणाले, तीच चांगली.

९ मार्च

आज कणीस उलटताना ग्रिलच्या स्टीलच्या कडेला बोट लागलं. चटका नव्हे. झिणझिणी.

पुन्हा लावून पाहिलं. तीच.

छोटी रोज इथेच स्टुलावर चढते. अनवाणी. दोन्ही हात कडेवर टेकून.

एमसीबी पाडला. बाबांना म्हटलं, कंटाळा आलाय, गॅसवरच करते.

१० मार्च

कसं सांगू? दोन वाक्यं जुळवली, दोन्ही टाकली.

‘ग्रिल रुसलं का गं?’

‘सवड नाही हो बाबा.’

छोटी लगेच – ‘आजोबा, आईला सवड आहे. ती नुसती बसली होती.’

१२ मार्च

बाबा छोटीला पोहायला घेऊन गेले. दीड तास होता. वायरमनला बोलावलं. बाबांकडेच शिकलेला, आता त्याचेही केस पांढरे. त्याने एमसीबी वर केला, ग्रिल चालू करून कडेला टेस्टर टेकवला. दिवा लागला, मंद.

मग एमसीबी पाडून कप्प्यात शिरला. टेप सोडली. ‘हिरवी वायर खाचेत नीट घातलीय, ताई. स्क्रू आवळायचा राहिलाय. म्हणजे अर्थिंगच नाही.’ सोडलेली टेप बोटांत फिरवत – ‘साहेबांनी केलंय ना हे?’

मी टॉर्च स्क्रूवर धरला.

स्क्रू आवळला. मीटर लावून तपासलं. मग ग्रिल चालू करून पुन्हा टेस्टर – दिवा नाही. मीही बोट टेकवलं. काही नाही.

‘टेप उलटी गुंडाळाल? बाबांसारखी?’

मला वाटलं, हसेल. ‘तशीच येते मला. सुलटी गुंडाळली की शिव्या खायचो.’

गुंडाळली. हुबेहूब. पंधरा मिनिटं हातात ठेवून गेला.

१३ मार्च

कणसं. बाबांनी दोन खाल्ली. ‘बघ, माझं काम!’ – छोटीला.

माझं कणीस मी छोटीच्या ताटलीत सरकवलं.

१५ मार्च

बाजारातून आले तर बाबा ओट्याखाली गुडघ्यांवर. टॉर्च घेऊन.

‘काय शोधताय?’

‘काही नाही. बघत होतो.’

उठायला हात दिला. घेतला.

१६ मार्च

सकाळी माझ्या चमच्यांच्या खणात बाबांचा टेस्टर. चाळीस वर्षं त्यांच्या खिशाला असलेला.

‘राहू दे तुझ्याकडे,’ ते म्हणाले. अर्धा कप चहा संपवला. मग म्हणाले, ‘टेपला एक सुरकुती नाही गं. माझ्या हातून आता अशी होत नाही.’