सुपाला लागलेली लाथ

प्रिय वसंतराव,

काल रविवारी दुपारी चार वाजता, तुमच्याच शोकसभेत, तुमच्याच बिडी युनियनने रोशनीला माईकवरून खाली बसवलं. घरात तुमच्या नावाने, तुम्हाला न पटणारा दिवा तेवतो आहे आणि मी भांडायला बसले आहे. दुसऱ्या कुणाशी भांडू?

मुलगा म्हणून जन्मलेल्या रोशनीने लुगडं नेसलं आणि मुर्री गावातल्या घरच्यांनी तिला हाकललं. तेव्हापासून ती आपल्या ओसरीवर बायकांत बसून बिड्या वळते. तुम्हाला ती बाबूजी म्हणायची. काल ती एवढंच म्हणाली, "बाबूजीनं बसाले जागा देली. आता माह्या युनियनच्या कार्डावर बाई मनून लिहा."

अध्यक्ष ताडकन उठले. "हा वैयक्तिक भावनांचा मंच नाही. कॉम्रेडनी वर्गाचा लढा दिला. पहले पेट, बाकी बाद में."

टाळ्या पडल्या. ओसरीवरची आपली काशीबाई मागून म्हणाली, "काऊन गा, तिले पोट नाही का?" तिलाही गप्प केलं.

वाक्य तुमचंच होतं, म्हणून जास्त झोंबलं. "मनाला वाटण्याने चूल पेटत नाही, सुमन," असं मलाही किती ऐकवलंत. मी म्हणायचे, शाळेत नन्सनी मला नरक शिकवला, तुम्ही इतिहास शिकवता. शंका विचारलेली दोघांनाही खपत नाही. तुम्ही हसायचात आणि चहा मागायचात.

पण तुमचा पहिला संप कशावरून पेटला, आठवतं? मजुरीवरून नव्हे. मुनीम खराब बिड्या छाटून फेकत होता आणि त्याने काशीबाईच्या सुपाला लाथ मारली. आपल्याकडे सुपाला चुकून पाय लागला तरी माणूस वाकून पाया पडतो. बायका त्या अपमानाने उठल्या. वर्गाचं विश्लेषण तुम्ही संध्याकाळी येऊन केलंत.

आज तसाच दुसरा मुनीम रोशनीकडे बघून हसतो आणि तिच्या मूठभर चांगल्या बिड्या खराब म्हणून छाटीत टाकतो. तेवढी मजुरी बुडते. आता यात भावना कुठे संपते आणि पोट कुठे सुरू होतं? मला तरी सांधा सापडत नाही.

तेव्हा ऐका. तुमच्या तेरवीला पंगतीत पहिलं पान रोशनीचं, दुसरं माझं. पुरुषांनी वाढायचं, ही पद्धत युनियनमध्ये तुम्हीच घातलीत. वाढपी अध्यक्ष असतील. आधी तिला वाढतील, मगच मी घास उचलीन. आणि तिच्या कार्डावर बाई लिहून होईपर्यंत मी त्यांना सोडणार नाही, हा माझा शब्द.

तुम्हाला तेरवीच मान्य नव्हती, हे ठाऊक आहे. हरकत असेल तर आदल्या संध्याकाळपर्यंत लेखी कळवा. तोंडी चालणार नाही.

तुमची,
सुमन